बाळाचे नाव : एक अमानत

वाचकहो, लहान मुलांना घालण्याचे एक जुने कोडे आहे. वस्तू तुझी, पण तुझ्यापेक्षा इतरच ती अधिक वापरतात; सांग, ती कोणती? उत्तर आहे, नाव. कोडे सोपे आहे; तथापि त्याच्या पोटात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. जे नाव आपण निवडले नाही, ज्याला आपली संमती कोणी विचारली नाही आणि जे आयुष्यभर प्रामुख्याने इतरांच्याच तोंडी असते, ते 'आपले' कोणत्या अर्थाने? आणि ते आपले नेमके होते केव्हा? ग्रामपंचायतीच्या दप्तरात नोंद होते तेव्हा, अकीक्याच्या दिवशी चार माणसांत जाहीर होते तेव्हा, की आणखी कधी?

अकीक्याचा दिवस जवळ आला की शिरूर आणि दौंड तालुक्यांतील मातापिता मशिदीच्या इमामाकडे नाव सुचवा म्हणून येतात. नाव अर्थपूर्ण असावे, गावात दुसऱ्या कोणाचे नसावे, शाळेत उच्चारायला अवघड जाऊ नये, अशा त्यांच्या अपेक्षा असतात. या अपेक्षा रास्तच आहेत. परंतु निवडलेले नाव त्या चिमुकल्या जिवापर्यंत पोहोचते कसे आणि ते पोहोचविण्याचे उत्तरदायित्व कोणाचे, असा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. नाव ठरले की काम संपले, असे आपण समजतो. वास्तविक खरे काम तेथून सुरू होते.

कान प्रथम जागा होतो

पवित्र कुरआनच्या सूरह नहलमध्ये (१६:७८) अल्लाहने मानवाला त्याच्या प्रारंभाचे स्मरण करून दिले आहे. मातेच्या उदरातून तो बाहेर आला तेव्हा त्याला काहीही ठाऊक नव्हते. मग त्याला श्रवणशक्ती, दृष्टी आणि अंतःकरण प्रदान करण्यात आले, यासाठी की त्याने कृतज्ञ व्हावे. या आयतीत श्रवणाचा उल्लेख दृष्टीच्या आधी आला आहे, याकडे भाष्यकारांनी लक्ष वेधले आहे. बाळाच्या वाढीचा क्रम पाहिला तरी हेच दिसते. गर्भावस्थेच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळ आवाजांना प्रतिसाद देऊ लागते. जन्मानंतर अवघ्या दोन-तीन दिवसांत ते परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा आपल्या मातेचा आवाज पसंत करते, हे १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसून आले. डोळे अजून धूसर पाहत असतात. कान मात्र आधीच ओळख जमवू लागलेले असतात.

नवजात बालकाच्या कानात अजान देण्याची आपल्याकडील रीत या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे. बाळाला त्यातील एका शब्दाचाही अर्थ कळत नाही, तरीही आपण ती देतो. म्हणजे ज्याला अर्थ कळत नाही त्याच्या कानावर काय पडते यालाही महत्त्व आहे, हे आपण कृतीने मान्य केलेले आहे. अजानच्या बाबतीत जे मान्य केले, ते नावाच्या बाबतीतही मान्य करावयास हवे.

बाळ आपले नाव ओळखू लागते ते केव्हा? या प्रश्नाचा पद्धतशीर शोध १९९५ मध्ये अमेरिकेतील डेनिस मँडेल, पीटर जुसिक आणि डेव्हिड पिसोनी या संशोधकांनी घेतला. साडेचार महिन्यांच्या बाळाला मांडीवर घेऊन बसवीत. दोन्ही बाजूंना दिवे आणि त्यांच्यामागे ध्वनिक्षेपक असत. दिवा लुकलुकला की बाळ तिकडे मान वळवी आणि त्या बाजूने एक नाव पुन्हा पुन्हा ऐकू येई. कधी ते बाळाचे स्वतःचे नाव असे, कधी दुसऱ्याचे. दुसऱ्यांच्या नावांपैकी एक असे निवडलेले असे की त्याची लय बाळाच्या नावासारखीच असावी. बाळ किती वेळ त्या बाजूला पाहत राहते, हे मोजण्यात आले. बाळे स्वतःचे नाव अधिक वेळ ऐकत राहिली. सारख्या लयीच्या नावानेही ती फसली नाहीत. ज्या वयात मूल अजून धड बसतही नाही, त्या वयात ते शेकडो ध्वनींमधून आपल्या नावाचा ध्वनी वेगळा काढू शकते.

आता याच्याशेजारी आपला कायदा ठेवून पाहा. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये जन्माची खबर २१ दिवसांच्या आत द्यावी लागते. मात्र बाळाचे नाव नंतर नोंदविण्यास १२ महिन्यांपर्यंत कोणतेही शुल्क पडत नाही. दप्तर वर्षभर थांबावयास तयार आहे, कान मात्र थांबत नाही. पाचव्या महिन्याच्या आत त्याने आपली नोंद करून ठेवलेली असते. घरात कागदावरच्या नावाऐवजी 'छोटू', 'पप्पू' किंवा 'गुड्डी' अशी हाक पडत असेल, तर कानाच्या दप्तरी तेच नाव चढते.

आठवी विभक्ती, पहिला धडा

शाळेत आपण मराठीच्या आठ विभक्ती पाठ केल्या. प्रथमेपासून प्रारंभ करून संबोधन सर्वांत शेवटी, आठव्या स्थानी येते. व्याकरणाचा हा क्रम बाळाच्या बाबतीत उलटा आहे. त्याला आपले नाव प्रथमेत भेटत नाही, कारण 'आयशा झोपली' हे वाक्य आयशासाठी नसते, ते इतरांसाठी असते. 'आयशा, ए आयशा' ही हाक मात्र तिच्यासाठी असते. तिच्याकडे पाहून, तिच्याजवळ वाकून, आवाज मऊ करून ती दिली जाते. व्याकरणाचा शेवटचा धडा हा मानवाचा पहिला धडा आहे. मानव बोलणारा होण्याआधी, ज्याच्याशी बोलले जाते असा तो असतो.

इस्लामच्या दृष्टीने ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. सूरह आराफमध्ये (७:१७२) आदमच्या समस्त संततीकडून घेतलेल्या त्या आदिम साक्षीचे वर्णन आहे. त्यात निर्मात्याने प्रथम विचारले आणि मानवाने उत्तर दिले. म्हणजे मानवाने स्वतःहून काही म्हणण्याआधी त्याला संबोधिले गेले होते. घराघरात बाळाला मारली जाणारी पहिली हाक ही त्या महान संबोधनाची बरोबरी करू शकत नाही. परंतु मानव हा मूलतः प्रतिसाद देणारा जीव आहे, याची आठवण ती नक्कीच करून देते.

नाव ओळखता आल्याने बाळाला आणखी एक लाभ होतो. मोठ्यांचे बोलणे बाळाच्या कानी सलग ओघासारखे येते. शब्द कोठे संपला आणि कोठे सुरू झाला, हे सांगणारी मोकळी जागा त्यात नसते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, सहा महिन्यांची बाळे आपल्या नावाच्या लगेच पुढे येणारा नवा शब्द वेगळा काढून लक्षात ठेवू शकतात. दुसऱ्या कोणाच्या नावापुढे आलेला शब्द मात्र त्यांना पुढे ओळखता येत नाही. ओळखीचे नाव हा जणू त्या ओघातील पहिला दगड. त्यावर पाय ठेवून बाळ पुढच्या दगडावर जाते.

आपल्या भागातील घरांचा या दृष्टीने विचार करा. घोडनदीच्या एखाद्या मुस्लिम मोहल्ल्यात आजी दखनीत 'आयशा को' म्हणते, शेजारीण मराठीत 'आयशाला' म्हणते. दौंडच्या रेल्वे वसाहतीत तर नाना प्रांतांतून आलेली कुटुंबे भिंतीला भिंत लावून राहतात आणि एकाच बाळाला तीन बोलींत खेळवले जाते. प्रत्यय बदलतात, सूर बदलतो, मधला एक तुकडा तेवढा कायम राहतो. तो कायम राहणारा तुकडा म्हणजे नाव. आपली मुले दोन-तीन भाषांच्या गर्दीत गोंधळून जातील, अशी भीती बाळगणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे. भाषा अनेक असोत. बाळाला उद्देशून बोलणारे माणूस असले म्हणजे झाले.

ध्वनी आणि 'मी' यांमधले वर्ष

येथे एक शंका उपस्थित होते आणि ती टाळता येत नाही. साडेचार महिन्यांचे बाळ आपले नाव ऐकत राहते, याचा अर्थ 'हे माझे नाव आहे' असे त्याला कळते काय? प्रामाणिक उत्तर 'नाही' असेच द्यावे लागेल. त्याला एक ओळखीचा, हवाहवासा ध्वनी कळतो. तो ऐकू आला की जवळ कोणीतरी येते, दूध मिळते, कुशीत घेतले जाते, एवढे त्याच्या अनुभवाला येते. 'मी' ही जाणीव फार पुढची आहे. १९७२ मध्ये ब्यूला ॲमस्टरडॅम या मानसशास्त्रज्ञ विदुषींनी मुलांच्या नाकावर लाल ठिपका लावून त्यांना आरशासमोर बसविले. आरशातील मूल म्हणजे आपणच, असे ओळखून स्वतःच्या नाकाकडे हात नेणारी मुले साधारणतः दीड ते दोन वर्षांच्या वयाची होती.

म्हणजे नावाचा ध्वनी ओळखणे आणि स्वतःला ओळखणे यांत वर्षाहून अधिक काळ जातो. या काळात बाळाचे नाव बाळापाशी असते, परंतु बाळाच्या ताब्यात नसते. ते आपल्या तोंडी असते. त्या नावात काय भरावयाचे, हे या काळात सर्वस्वी आपल्या हाती असते. नाव घेताच मायेचा हात फिरत असेल, तर नावात माया भरली जाते. नाव घेताच दरडावणी येत असेल, तर नावात भय भरले जाते. पुढे एके दिवशी ते मूल 'मी' म्हणून जागे होते आणि भरलेले नाव जसेच्या तसे उचलून स्वतःला लावून घेते.

ज्या वस्तूचा खरा मालक अद्याप ती ताब्यात घेण्यास असमर्थ आहे आणि जी तोवर आपल्याकडे सोपविलेली आहे, तिला शरीअतच्या भाषेत अमानत म्हणतात. बाळाचे नाव या अर्थाने अमानत आहे. अमानतीत खोट आली तर सांभाळणारा जबाबदार ठरतो, मालक नव्हे.

प्रेषितांची हाक

नाव ठेवण्यासंबंधीची इस्लामची शिकवण आपल्या परिचयाची आहे. सातव्या दिवशी अकीका करून नाव ठेवावे. जन्माच्या दिवशी ठेवले तरी हरकत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या पुत्राचे नाव जन्माच्या रात्रीच आपले पूर्वज इब्राहीम (अलै.) यांच्या नावावरून ठेवल्याचे सहीह मुस्लिममध्ये नमूद आहे. अब्दुल्लाह आणि अब्दुर्रहमान ही अल्लाहला सर्वाधिक प्रिय नावे होत, हेही हदीसमध्ये आले आहे. अर्थाच्या निवडीचा हा भाग आपण आवडीने सांगतो आणि ऐकतो.

परंतु नावाने हाक कशी मारावी, हेही प्रेषितांनी (स.) आचरणातून शिकविले आहे. हजरत अनस (रजि.) यांचा एक धाकटा भाऊ नुकताच दूध सुटलेल्या वयाचा होता. त्याने एक लहानसा पक्षी पाळला होता. तो पक्षी मरण पावला तेव्हा प्रेषितांनी (स.) त्या बालकाला 'अबू उमैर' अशी प्रौढ माणसाला शोभणारी आदराची हाक मारून, त्याच्या पक्ष्याचे काय झाले याची विचारपूस केली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हा प्रसंग आहे. ज्यांच्यावर सबंध उम्मतचा भार होता, त्यांनी एका बालकाच्या दुःखासमोर थांबून त्याला यमक साधणाऱ्या गोड शब्दांत पुकारले. विद्वानांनी या एका हदीसमधून अनेक नियम काढले. त्यातील अगदी साधा नियम आपण विसरू नये. तो असा की, लहान मुलाला हाक मारणे हे सवडीचे काम नव्हे, ते सन्मानाचे काम आहे.

पवित्र कुरआनमध्ये पिता पुत्राशी बोलतो ते प्रसंग आठवून पाहा. नूह (अलै.), इब्राहीम (अलै.), याकूब (अलै.) आणि लुकमान या सर्वांच्या मुखी 'या बुनय्य' हे संबोधन आहे. अरबीत 'इब्न' म्हणजे पुत्र. 'बुनय्य' हे त्याचे लडिवाळ रूप. मराठीत सांगावयाचे तर 'बाळा', 'सोन्या'. नूह (अलै.) यांचा पुत्र तर अवज्ञा करीत होता आणि समोर महापूर चढत होता, तरी पित्याच्या तोंडची हाक कठोर झाली नाही. लाडाने नाव लहान करणे निषिद्ध नाही, स्वतः प्रेषित (स.) हजरत आयशा (रजि.) यांना कधी कधी 'आइश' म्हणत. निषिद्ध आहे ते नाव हिणकस करणे. सूरह हुजुरातमध्ये (४९:११) एकमेकांना वाईट उपनावांनी पुकारण्यास स्पष्ट मनाई आहे. 'काळ्या', 'जाड्या', 'बोबड्या' या हाका आपण मुलांना गमतीने मारतो, तेव्हा ही आयत मुलांनाही लागू आहे, याचे भान राहत नाही. मराठी भाषेने हा भेद फार नेमका पकडला आहे. 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत अंतर एका मात्रेचे. एक बाळाचा हक्क आहे, दुसरे त्याच्यावरील अन्याय.

नकोशा नावांची शिकवण

दगडू, धोंडू, केरू ही नावे आपल्या ग्रामीण भागात हिंदूंमध्ये आणि मुसलमानांमध्येही पूर्वी सर्रास ठेवली जात. आधीची मुले दगावलेली असत, म्हणून नव्या बाळाला क्षुद्र वस्तूचे नाव दिले की दृष्ट लागणार नाही, अशी समजूत होती. या नावांमागे तिरस्कार नव्हता, भय होते. लेकरू हातचे जाईल, या भीतीने मातेने ते झाकून ठेवले होते. त्या मातांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु संरक्षण कोठे मागावे, हे इस्लामने दाखवून दिले आहे. संरक्षण नावाच्या क्षुद्रतेत नसते, अल्लाहच्या आश्रयात असते.

काही नावांमागे मात्र भय नसून नकार असतो. पुणे जिल्ह्याच्या दक्षिणेस नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. तेथे मुलगाच हवा असताना मुलगी झाली म्हणून तिचे नाव 'नकुशा' किंवा 'नकोशी' ठेवण्याची रीत होती. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा येथे एका शासकीय कार्यक्रमात अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. प्रत्येकीला नव्या नावाचे प्रमाणपत्र मिळाले. त्यांतील अनेकींनी आपले नवे नाव स्वतः निवडले होते. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली ८९४ होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. नावातला नकार आणि आकड्यातली घट एकाच मुळापासून येतात.

या मुलींच्या बालपणाची कल्पना करा. साडेचार महिन्यांची असताना त्यांतील एकेकीने 'नकुशा' हा ध्वनी ओळखला असेल, इतर कोणत्याही बाळासारखा. तो ऐकून मान वळवली असेल, हसलीही असेल. कदाचित ती हाक मारणारी माता प्रेमानेच मारीत असेल. ध्वनीत माया होती, अर्थात नकार होता आणि अर्थ अजून उघडला नव्हता. मग चार-पाच वर्षांनी, शाळेच्या हजेरीत किंवा मैत्रिणीच्या चिडवण्यात, तो शब्द फुटला आणि आतले बाहेर आले. ज्या शब्दाला तिने 'मी' मानले होते, त्याचाच अर्थ 'नको' असा निघाला.

हे आपल्या समाजातील उदाहरण नाही, असे म्हणून सुटका करून घेऊ नये. मुलीच्या जन्माची वार्ता ऐकून चेहरा काळवंडणाऱ्या पित्याचे वर्णन सूरह नहलमध्ये (१६:५८-५९) आहे आणि तो चेहरा आपल्या मोहल्ल्यांतही दिसतो. त्याच्यासमोर पवित्र कुरआनने एक माता उभी केली आहे. इमरान यांच्या पत्नीने उदरातील बालक अल्लाहच्या सेवेला अर्पण करण्याचा नवस केला होता. मुलगा होईल, अशी तिची अपेक्षा होती. मुलगी झाली. तेव्हा तिने दोन गोष्टी केल्या (३:३६). तिने स्वतः त्या मुलीचे नाव मरयम ठेवले; आणि तिला व तिच्या संततीला सैतानापासून अल्लाहच्या आश्रयास सोपविले. अपेक्षा एक होती, दान वेगळे आले. पण निराशेचे ओझे तिने मुलीच्या नावात ठेवले नाही. ते नाव पुढे पवित्र कुरआनच्या एका सूरहचे नाव झाले.

नाव म्हणजे विधिलिखित नव्हे, हेही इस्लामने सांगितले आहे. 'आसिया' म्हणजे अवज्ञा करणारी, अशा अर्थाचे नाव असलेल्या एका महिलेला प्रेषितांनी (स.) 'जमीला' हे नाव दिले. (फिरऔनच्या पत्नीचे 'आसिया' हे नाव वेगळ्या अक्षराने लिहिले जाते, त्याच्याशी याची गफलत करू नये.) याउलट 'हज्न', म्हणजे खडतर, या नावाच्या एका गृहस्थांना प्रेषितांनी (स.) 'सहल', म्हणजे सुलभ, हे नाव सुचविले असता, पित्याने ठेवलेले नाव मी बदलणार नाही, असे ते म्हणाले. त्यांचे नातू, थोर विद्वान सईद बिन मुसय्यब सांगत की, तो खडतरपणा आमच्या घराण्यात पुढेही राहिला. सातारच्या २८५ मुलींनी घेतलेला निर्णय या कसोटीवर योग्यच ठरतो.

कोणी म्हणेल, बाळाला अर्थ कळतच नाही, तर कोणताही ध्वनी चालेल. मग चांगल्या नावाचा आग्रह कशासाठी? आणि दुसरा कोणी म्हणेल, नावाचा अर्थ उत्तम ठेवला की झाले. हाकेचा सूर कसा का असेना. दोघेही अर्धे सत्य सांगत आहेत. नाव मुलाकडे दोन खेपांत येते. पहिल्या खेपेत ध्वनी येतो आणि त्यासोबत हाक मारणाऱ्याची वृत्ती येते. दुसऱ्या खेपेत अर्थ येतो. 'नकुशा' या नावात पहिली खेप गोड असली तरी दुसरी विषारी होती. 'अब्दुल्लाह' नाव ठेवून उठता-बसता त्या नावाने शिव्या देणाऱ्या घरात दुसरी खेप उत्तम, परंतु पहिलीच विषारी असते. अमानत पुरी पोहोचवायची, तर दोन्ही खेपा स्वच्छ हव्यात.

हाक मारणार कोण?

आता आपल्या भागातील वास्तवाकडे वळू. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड आणि इतर जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे आपल्याकडे येतात. दौंड तालुक्यात पाटस, आलेगाव, तर शिरूर तालुक्यात न्हावरे येथे साखर कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या परिसरात या कुटुंबांच्या कोप्या पडत आल्या. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मानला जातो. पहाटे, अंधार असतानाच माता फडात जाते. तान्हे मूल कोपीत किंवा फडाच्या कडेला थोरल्या बहिणीपाशी असते आणि ती बहीण स्वतः सात-आठ वर्षांची असते. त्या बाळाला त्याचे नाव कोण शिकवते? ती मुलगी शिकवते. आपली शाळा सोडून ती एका मानवाला 'तू आहेस' हे सांगण्याचे काम करीत असते. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांनी काम करणाऱ्या परप्रांतीय दांपत्यांची स्थितीही फारशी निराळी नाही. एक कामावर, दुसरा झोपेत, मूल खाटेवर.

या मातापित्यांना दोष देणे हा ढोंगीपणा ठरेल. बाळाला हाक मारण्याइतकी उसंत ही ज्या समाजात चैनीची वस्तू होते, त्या समाजाने स्वतःला प्रश्न विचारावा. शेजाऱ्याच्या हक्कांवर आपण शुक्रवारी खुतबा ऐकतो. कोपीतले बाळ हे शेजारी आहे. त्याच्या बहिणीला शाळेत पोहोचविणे, बाळासाठी अंगणवाडीची सोय आहे की नाही हे पाहणे, हंगामात तेथे नियमित जाणे, हे मशिदीच्या जमाअतीला सहज करता येण्यासारखे आहे. त्या बाळाचा धर्म कोणता, हे विचारण्याचे कारण नाही.

ज्यांना उसंत आहे त्यांच्या घरी वेगळीच अडचण आहे. २००५ मधील आणखी एका अभ्यासात गोंगाटाच्या पार्श्वभूमीवर बाळांना त्यांचे नाव ऐकविण्यात आले. पाच महिन्यांच्या बाळांनी नाव ओळखले, पण ते मागील आवाजापेक्षा १० डेसिबलने ठळक असेल तेव्हाच. फरक ५ डेसिबलचा ठेवला तेव्हा नऊ महिन्यांच्या बाळांनाही ते जमले नाही. तेरा महिन्यांच्या बाळांना जमले. आपण मोठी माणसे दौंड जंक्शनच्या फलाटावर, गाड्यांच्या खडखडाटात आणि उद्घोषणांच्या गलक्यातही आपले नाव टिपतो. म्हणून बाळालाही ते येत असेल, असे गृहीत धरतो. दिवसभर चालू असलेला दूरदर्शन संच बाळाच्या दृष्टीने तो फलाटच आहे. आणि हातात मोबाइल धरून, नजर पडद्यावर ठेवून मारलेली हाक संबोधन राहत नाही. तिच्यात नाव असते, समोरचा नसतो.

जे मूल वळून पाहत नाही

शेवटी अशा बाळांविषयी, जी हाक मारूनही वळत नाहीत. वर्षाचे मूल पुन्हा पुन्हा हाक मारूनही प्रतिसाद देत नसेल, तर त्याला हट्टी ठरवू नये आणि 'बोलेल उशिरा, याचे वडीलही उशिरा बोलले' असे म्हणून दिवसही काढू नयेत. प्रथम श्रवण तपासावे. वैद्यकशास्त्राचा दंडक असा आहे की श्रवणाची चाळणी चाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत. चाचणीत बाळाला वेदना होत नाही. श्रवण उत्तम असूनही मूल वळत नसेल, तर त्याच्या विकासाची तपासणी बालरोगतज्ज्ञाकडून करून घ्यावी. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत आरोग्य पथके अंगणवाड्यांत येऊन बालकांची मोफत तपासणी करतात. जन्मजात बहिरेपण त्यांच्या यादीत आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था याच कार्यासाठी उभी आहे.

आणि जे मूल ऐकूच शकणार नाही, त्याचे काय? त्याचे नाव वाया गेले काय? मुळीच नाही. कर्णबधिरांच्या समाजात प्रत्येकाला हाताच्या खुणेचे एक नाव असते. खांद्यावर हलका स्पर्श करून, समोर येऊन, नजरेला नजर देऊन त्या खुणेने हाक मारली जाते. कान हे नावाचे एक दार आहे, एकमेव दार नव्हे. ज्या घरात अशा मुलाला 'बहिरा' म्हणून ओळखले जाते आणि त्याचे खरे नाव केवळ अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर उरते, त्या घराने सूरह हुजुरातची ती आयत पुन्हा वाचावी.

वाचकहो, आरंभीच्या कोड्याकडे पाहिले तर उत्तर आता निराळे दिसेल. नाव आपले होते ते कागदावर चढल्याने नव्हे. कोणीतरी आपल्याकडे पाहून, आपल्यासाठी, पुन्हा पुन्हा ते उच्चारले म्हणून ते आपले झाले. आज आपण 'मी' म्हणतो, त्यामागे कोणाची तरी हजारो वेळा मारलेली हाक आहे. ती ज्यांनी मारली त्यांच्यापैकी अनेकजण आज कबरीत असतील. त्यांच्यासाठी दुआ करणे हे आपले ऋण आहे आणि आपल्या घरातील बाळाला तशीच हाक मारणे ही त्या ऋणाची फेड आहे.

अल्लाहने आदम (अलै.) यांना नावे शिकविली (२:३१) आणि फरिश्त्यांसमोर त्यांचा सन्मान वाढविला. आदमच्या लेकरांना त्यांचे पहिले नाव शिकविण्याचे काम त्याने आपल्यावर सोपविले आहे. ही अमानत जशी सोपविली गेली तशी, स्वच्छ आणि पुरी, पोहोचविण्याची सद्बुद्धी व सामर्थ्य तो आपणा सर्वांना देवो. आमीन.